केळझरची टेकडी आणि चोविसावे पोर

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले की बुटीबोरीचे कारखाने मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. कपाशी, तूर, मधूनच एखादी संत्र्याची बाग. मग लहान लहान टेकड्या दिसू लागतात आणि त्यांच्या पायथ्याशी केळझर येते. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हे गाव हमरस्त्याला लागून आहे. येथून वर्धा सुमारे २६ किलोमीटर.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी बालसंस्कार वर्ग भरतो. वर्षातून एकदा मुलांना बाहेर न्यायचे असा आमचा नेम आहे. यंदा केळझर ठरले. मुले २३ आणि मोठी माणसे ९. महिलांना अर्धे तिकीट, मुलांना अर्धे तिकीट, त्यामुळे हातावर पोट असलेल्या घरांनाही सहल परवडली. आम्ही पडलो कारकून. यादी केल्याशिवाय आमचे पाऊल उचलत नाही. नाव, वय, पालकांचा फोन, कोणाला गाडी लागते, सगळे कागदावर. गाडीत चढताना एकदा मोजले, उतरल्यावर पुन्हा मोजले. बरोबर २३.

केळझरला बहुतेक लोक येतात ते सिद्धिविनायकाच्या देवळासाठी. विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. जुन्या किल्ल्याच्या खुणाही गावात आहेत. आमची वाट मात्र बुद्धविहाराच्या टेकडीची. चढताना गावची जुनी कथा निघाली. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, आणि बकासुर मारला गेला तो येथेच, असे लोक सांगतात. आम्ही पुराणाला इतिहास मानत नाही. पण कथा कोणाच्या दुःखाची आहे, हे पाहायला हरकत नसावी. त्या राक्षसाला गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा, अशी गावाने घराघराची पाळी लावलेली होती. पाळी आली त्या घरचा बाप म्हणतो, विकत माणूस घेऊन पाठवावा तर माझ्याजवळ पैसा नाही. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा, तो दुसऱ्याचे माणूस विकत घेऊन पाठवू शकत होता. आणि विकत मिळणारे माणूस कोणाचे असणार? ज्याच्या मागे कोणी नाही, त्याचेच. बकासुर कथेतला असेल, हा व्यवहार मात्र कथेतला नाही. आजही पोरे विकणारा दलाल आधी एकटे पोर हेरतो.

हे आम्ही चढता चढता बोलत होतो. तासाभरात तेच पुढ्यात येईल याची कल्पना नव्हती.

वर पोहोचल्यावर त्रिसरण, पंचशील झाले. मुलांनी बुद्धवंदना छान म्हटली. मग सावलीत पंगत बसली. घराघरांतून आणलेल्या पोळ्या, वांग्याची भाजी, झुणका, ठेचा. आमच्या बरोबरच्या ताईंनी पत्रावळी मांडल्या तर एक कमी पडली. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही मोजून तेवीस म्हणाले होते ना?" आम्ही पुन्हा मोजले. चोवीस. पंगतीच्या शेवटी एक पोर बसले होते, ते आमचे नव्हते. दहा-बारा वर्षांचे असेल. पायात चप्पल नाही, अंगात मापापेक्षा मोठा शर्ट. आमच्या पोरांच्या मागे मागे टेकडी चढून आलेले.

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. आम्ही उठलो आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलो. नाव काय? गाव कोणते? कोणासोबत आला? आधार कार्ड आहे का? प्रश्नावर प्रश्न. मुलगा काही बोलेना. बोलला ते दोन शब्द हिंदीचे होते, आणि बाकीची भाषा आमच्यापैकी कोणालाच धड कळली नाही. त्याने मान खाली घातली आणि समोरच्या पत्रावळीवरचा हात मागे घेतला. तेवढ्यात सहलीला आलेल्या एका आजी पुढे झाल्या. आयुष्यभर मजुरी केलेली, अंगठा लावणारी बाई. त्यांनी आम्हांला हाताने बाजूला सारले आणि तांब्या पुढे केला. "पानी पेतो का रे बाबू?" मुलगा गटागटा पाणी प्यायला. मग जेवला. चार पोळ्या खाल्ल्या. आम्ही मात्र बी.कॉम. झालेले, हातात यादी धरून उभे.

जेवण झाल्यावर उष्ट्यावर कावळे जमले. मोठी माणसे आवराआवर करीत होती. तो मुलगा उठला, खांद्यावरचे फडके फिरवले आणि तोंडाने आवाज काढून कावळे हाकलू लागला. सरावाचा हात होता. पूर्वी आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला पोरे माळ्यावर बसत, गोफण फिरवत. ज्वारी गेली, सोयाबीन आले, ती राखण आता फारशी दिसत नाही. त्याचा तो हात पाहिला आणि आम्हांला विनयपिटकातली एक हकिकत आठवली. दुपारच्या गोष्टीच्या तासाला मुलांना तीच सांगितली. वाचकहो, ती तुम्हांलाही सांगतो.

भदंत आनंदांना भिक्षा देणारे एक श्रद्धावान कुटुंब होते. साथ आली आणि ते सगळे कुटुंब मेले. मागे उरली दोन लहान मुले. भिक्खू दिसले की धावत जवळ जायचे, ही त्यांची घरातली सवय. तशीच ती धावत गेली. पण १५ वर्षांच्या आतल्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम होता. भिक्खूंनी मुलांना हुसकावून लावले. मुले रडू लागली. आनंदांना प्रश्न पडला, नियम तर पाळायचा, पण ही पोरे जगायची कशी? त्यांनी ही गोष्ट तथागतांच्या कानावर घातली. तथागतांनी गोत्र विचारले नाही की दाखला मागितला नाही. त्यांनी एवढेच विचारले, आनंदा, ही मुले कावळे हाकलू शकतात का? आनंद म्हणाले, हाकलू शकतात. मग तथागतांनी सूट दिली की कावळे हाकलण्याइतके मोठे असलेले मूल १५ वर्षांच्या आतले असले तरी त्याला संघात घ्यावे.

नियम चुकीचा नव्हता. लहान पोराला संघात ओढू नये म्हणून, मुलांच्या भल्यासाठीच तो होता. पण त्याच नियमामुळे दारात आलेले पोर मरणार असेल, तर नियमात दार ठेवले पाहिजे, हे तथागतांनी दाखवले.

याच्या जोडीला दुसरी हकिकत सांगितली पाहिजे, नाहीतर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदन राजाला फार दुःख झाले. मुलगा गेला, आता नातूही गेला. त्याने तथागतांना विनंती केली की यापुढे आईबापाच्या संमतीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती मान्य केली आणि तसा नियम केला. म्हणजे एका बाजूला, निराधार मुलाला हुसकावू नका. दुसऱ्या बाजूला, ज्याला कोणी आहे त्याला परस्पर आपले करून टाकू नका. एकट्या मुलाच्या संरक्षणाचे सगळे शास्त्र या दोन गोष्टींत आले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे.

आम्हांला लाज वाटली ती आणखी एका कारणाने. १९०१ साली चार मुले साताऱ्याहून एकटीच निघाली होती. वडील दूर नोकरीला, त्यांना भेटायला. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आले नव्हते. मुले नीटनेटक्या कपड्यांत होती. स्टेशनमास्तर जवळ आले, चौकशी केली. मुलाने खरे सांगितले, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते निघून गेले. दुप्पट भाडे देऊ केल्यावर एक गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचे. जवळ भाकरी होती, पण पाणी कोणी दिले नाही. रात्रभर ती मुले तहानलेली राहिली. त्यांतला एक आमचा भीमराव होता. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आणि त्या लेखनाला नाव मिळाले 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परक्या देशात जायला व्हिसा लागतो. आपल्या लेकरांना आपल्याच देशात पाण्यासाठी व्हिसा लागत होता. ज्या समाजाच्या पोराला पाण्याआधी जात विचारली गेली, त्या समाजातल्या माणसाने पाण्याआधी आधार कार्ड विचारावे, याहून वाईट ते काय?

तो मुलगा कोठला, हे आम्ही लिहिणार नाही. त्याचे कारण पुढे येईल. पण एकटी पोरे फक्त गावातून गावात येतात असे नाही. युद्ध, छळ, जाळपोळ यांतून देशाची सीमा ओलांडूनही येतात. आईबाप वाटेत मेलेले असतात, हरवलेले असतात, किंवा त्यांनीच 'तू तरी जग' म्हणून पोराला पुढे पाठवलेले असते. अशी मुले आपल्या महाराष्ट्रानेही सांभाळली आहेत.

१९३९ साली जर्मनी आणि रशिया या दोघांनी मिळून पोलंड गिळला. रशियाने तिथली लाखो माणसे सैबेरियाकडे हाकलली. थंडीने, उपासमारीने आईबाप गेले, पोरे उरली. १९४२ साली त्यांतली काही मुले इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. पहिली तुकडी मुंबईत वांद्र्याला उतरवली गेली. मग जामनगरजवळ बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी बांधली गेली. आजारी मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले. कोल्हापूरजवळ वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. शाळा, दवाखाना, प्रार्थनाघर, सगळे तिथे होते. बालाचडीची छावणी १९४६ साली बंद झाली तेव्हा तिथली मुलेही वळीवड्याला आली. ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच संस्थानच्या भूमीवर ही परकी पोरे वाढली. पुढे त्याच छावणीत फाळणीतून आलेले सिंधी बांधव राहिले. आज आपण ज्याला कापडबाजाराचे गांधीनगर म्हणतो ते हेच. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरचे नाव कोरलेले स्मारक आहे.

यातली एक गोष्ट आम्हां कारकुनांच्या कामाची आहे. युद्ध संपल्यावर या अनाथ मुलांना मर्जीविरुद्ध परत पाठवण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा नवानगरच्या जामसाहेबांनी मुले कायदेशीर दत्तक घेतल्याचे कागद करवून घेतले. कागद पोराला अडवण्यासाठी वापरता येतो, तसा पोराला वाचवण्यासाठीही वापरता येतो. कागद तोच असतो, तो धरणाऱ्याचे मन पाहायचे.

दुसरे उदाहरण तर आपल्या अंगावरच आहे. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी बांधवांची स्वेटरची दुकाने लागतात. आपल्या विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो लोक आले. १७ मे १९६० रोजी धर्मशाळा येथे ५१ मुलांना घेऊन एक बालगृह सुरू झाले. तेच पुढे 'तिबेटन चिल्ड्रेन्स व्हिलेज' झाले. नंतरही कित्येक आईबापांनी पोरांना बर्फाच्या डोंगरांतून एकटे पाठवले. त्या मुलांना लहान लहान घरांत, एकेका 'आई'च्या हाताखाली वाढवले. नुसते कोठार करून शंभर पोरे कोंबली नाहीत. आपल्या वसतिगृहांनी हे पाहण्यासारखे आहे.

आता कायदा. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. पण संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आपण १९९२ साली स्वीकारला. त्याच्या २२ व्या कलमात म्हटले आहे की आश्रय मागणाऱ्या एकट्या मुलाला, कुटुंब नसलेल्या इतर कोणत्याही मुलासारखेच संरक्षण द्यावे आणि त्याच्या आईबापाचा शोध घ्यावा. चकमा बौद्ध बांधवांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी १९९६ रोजी सांगितले की संविधानाच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क फक्त नागरिकांना नाही, तो येथे असलेल्या प्रत्येक माणसाला आहे. बाबासाहेबांच्या संविधानात त्या कलमात 'नागरिक' शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मूल म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती, एवढेच म्हटले आहे. इंग्लंड-युरोपात आश्रयाला आलेल्या पोरांच्या वयावरूनच मोठे वाद होतात, हाडांचे एक्स-रे काढतात. आपल्या कायद्याने हाडांची तपासणी सर्वांत शेवटी ठेवली आहे. आधी शाळेचा दाखला, मग जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच ती.

सूर्य कलला तेव्हा आम्ही टेकडी उतरून थांब्यावर आलो. मोजले. चोवीस. तो आमच्याबरोबरच खाली उतरला होता. आजींच्या पदराचे टोक त्याच्या मुठीत होते.

मग आमच्यातच वाद झाला. एक जण म्हणाले, गाडी येईल, निघून जाऊ, कशाला झंझट? दुसरे एक बंधू, ज्यांना मूलबाळ नाही, कळवळून म्हणाले, "मी नेतो याला घरी. पोटच्या पोरासारखे वाढवतो." त्यांच्या मनात खोट नव्हती, हे आम्हांला ठाऊक आहे. पण आम्हांला राहुलाची गोष्ट आठवली. या पोराची आई कोठेतरी त्याला शोधत असेल तर? आणि आज चांगला माणूस नेतो म्हणून आपण गप्प बसलो, तर उद्या वाईट माणूस नेईल तेव्हा कोणत्या तोंडाने विचारणार?

आम्ही १०९८ ला फोन लावला. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही बालकांची मदतवाहिनी आता सरकारच चालवते. फोन फुकट लागतो. त्यांनी जागा विचारली, मुलाची तब्येत विचारली, त्याला एकटे सोडू नका म्हणून बजावले. इतर मुलांना बाकीच्या पालकांसोबत गाडीत बसवून दिले. ताई, आजी आणि आम्ही थांबलो. अंधार पडता पडता पोलीस आले, सोबत महिला शिपाई होत्या. मुलगा खाकी कपडे पाहून थरथरू लागला. कोठेतरी त्याने खाकीचा अनुभव घेतलेला असावा. त्या महिला शिपाई समजदार होत्या. त्या खाली बसल्या, बिस्किटाचा पुडा पुढे केला, आणि आजींनाही गाडीत बसू दिले. दुसऱ्या दिवशी मुलाला वर्ध्याला बाल कल्याण समितीपुढे हजर केले. त्याची भाषा जाणणारा माणूस शोधला गेला. तो आता सुरक्षित आहे. यापेक्षा जास्त लिहायचे नाही, कारण अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही छापायला कायद्याने बंदी आहे. आणि ती योग्यच आहे. त्याच्या मागावर कोण आहे हे आपल्याला माहीत नसते.

वाचकहो, हे तुमच्या वस्तीत, विहारात, कारखान्याच्या फाटकाशी, स्टेशनावर कधीही घडू शकते. म्हणून घरातल्या भगिनींनी आणि बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे. आधी पाणी, अन्न आणि बसायला जागा. मग एकच माणूस, शक्यतो बाई, हळू आवाजात बोलेल. दहा जणांनी घेराव घालून तेच तेच विचारू नये. फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नये, त्याने आईबाप सापडण्याआधी दलाल सापडतो. एकट्या माणसाने मुलाला परस्पर घरी नेऊ नये, मग तो कितीही भला असो. १०९८ ला कळवावे. २४ तासांच्या आत मूल समितीपुढे गेले पाहिजे. एकटे मूल सापडूनही न कळवणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. भावंडे असतील तर त्यांची ताटातूट होऊ देऊ नये. आणि आपल्या ज्या विहारांत, वसतिगृहांत दूरदूरची मुले ठेवली जातात, त्यांनी आपली नोंदणी, मुलांचे रजिस्टर, पालकांची संमती हे सगळे चोख ठेवावे. करुणा आहे म्हणून रजिस्टर नको, असे म्हणू नये. आणि रजिस्टर आहे म्हणून करुणा नको, असेही म्हणू नये.

रात्री शेवटच्या गाडीने आम्ही नागपूरला परतलो. आजी खिडकीशी बसल्या होत्या, बोलत नव्हत्या. बुटीबोरीचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाल्या, "दादा, तुमच्या त्या कागदावर त्याचं नाव घातलं काय?" आम्ही खिशातून यादी काढली. २३ नावांखाली जागा होती. नाव लिहायचे नव्हते. नुसता आकडा घातला, २४, आणि पुढची ओळ कोरी ठेवली.

पुढच्या वर्षी सहल पुन्हा निघेल. या वेळी पत्रावळी मोजून आणायच्या नाहीत, चार जास्त आणायच्या, असे ताईंनी ठरवून टाकले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!